पृथ्वी दोन्ही हातांनी उचला

ग्रह काही तराजूत घालता येत नाही. त्याच्याभोवती चंद्र किती अंतरावरून आणि किती वेगानं फिरतो, त्यावरून त्याचं वस्तुमान काढतात. दुर्बिणीतून दिसणाऱ्या रुंदीवरून आकारमान काढतात. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की आली घनता. विज्ञान केंद्रात येणाऱ्यांना हे हातानंच कळावं म्हणून मी आठ गोळे बनवत होते. सगळे नारळाएवढे, एका मापाचे, फक्त आतला माल वेगळा. गुरू खरा केवढा धिप्पाड, पण बहुतेक वायूचाच. त्याचा गोळा पृथ्वीच्या पाव वजनाचाही भरेना. शनी हलक्या लाकडाचा, पाण्यात टाकला तर तरंगेल असा. सगळ्यांत जड पृथ्वी, तिच्या पोटात मी शिसं ओतलं होतं. तिच्यापुढं पाटी लावायची होती, ‘दोन्ही हातांनी उचला’.

रंगकाम माझ्या धाकट्या बहिणीकडे होतं. ती नवऱ्याला सोडून माझ्याकडे आली होती, गालावर वळ घेऊन. त्या माणसाचं घरातलं वजन मी ग्रहांसारखंच मोजलं होतं. तो नुसता खाकरला तरी ही हातातला घास टाकून धावायची.

त्या दुपारी तो वर्कशॉपचं दार लाथेनं उघडून आत आला.

“चल घरी.”

“नाही येणार,” धाकटी म्हणाली.

त्यानं उजव्या हातानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. रंगाच्या डब्या उडाल्या. तिच्या नाकातून रक्ताची धार लागली. त्यानं पुन्हा आपटलं. माझं डोकंच फिरलं. मी लाकडी हातोडा घेतला आणि त्याच्या पाठीत घातला.

“ताई, तुम्ही मध्ये पडू नका!”

“सोड तिला, मेल्या! हात तोडीन तुझा!” आजवर मी त्याला अहो-जाहो करत आले होते. तेही त्या दिवशी संपलं.

त्यानं तिला सोडलं, फळीवरून हाताला लागला तो गोळा उचलला आणि माझ्यावर भिरकावला. तो शनी होता. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं, मी भिंतीला धरून खाली बसले. शनी होता म्हणून वाचले.

“पोरखेळ करत बसता दोघी,” तो हसला. “थांब, आता डोकंच फोडतो.”

शेजारचा गोळा दिसायला तेवढाच होता. त्यानं तो तशाच एका हातानं, तशाच झटक्यात ओढला. ती पृथ्वी होती. मनगट खाली झुकलं, गोळा निसटला आणि चपलेतल्या पावलावर पडला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो कोसळला आणि गुरासारखा ओरडायला लागला.

“अगं ए! बघतेस काय? इकडे ये!”

धाकटी उठली आणि धावलीच. आता ही त्याला उठवणार, त्याचं पाऊल मांडीवर घेणार, पायाला पट्टी बांधून त्याच्याबरोबर घरी जाणार आणि एक दिवस मला हिचं प्रेतच बघावं लागणार.

ती त्याच्याजवळ पोचली, वाकली आणि दोन्ही हातांनी पृथ्वी उचलली. गोळा त्याच्या डोक्यावर धरला. नाकातलं रक्त गोळ्याच्या ओल्या निळ्या रंगावर टपकत होतं. तो ओरडायचा थांबला.

“नको गं,” मी म्हणाले. खरं सांगते, मनातून ‘टाक’ असंच वाटत होतं.

तो उजवा पंजा जमिनीवर रोवून मागं सरकायला लागला. तिनं त्या पंजाकडं पाहिलं.

“याच हातानं केस धरलेस,” ती म्हणाली आणि गोळा सोडला.

त्याची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली असेल. ॲम्ब्युलन्सला फोन मी केला. तो रडत होता, “पाणी दे, अगं, पाणी तरी दे,” म्हणून हाका मारत होता.

धाकटी सावकाश चालत नळाशी गेली. तिनं आधी स्वतःचं तोंड धुतलं. मग फडकं ओलं करून, पिळून, त्याच्या बाजूनं माझ्याकडे आली आणि माझं कपाळ पुसायला बसली.