डाव्या बाजूची खाच

सकाळी पावणेआठला डॉ. रचना यांनी हातातलं ब्लेड परत ट्रेमध्ये ठेवलं.

टेबलावर सदलग्याचे आण्णासाहेब होते. कमरेतल्या इंजेक्शनमुळे खालचं अंग बधिर होतं, माणूस मात्र पूर्ण जागा. गुदद्वाराच्या मागच्या बाजूला पडलेली चीर मलम आणि शेकाने भरली नव्हती. अशा वेळी आतल्या कड्यासारख्या स्नायूला डावीकडे लहानसा छेद देतात. आवळलेलं सैल होतं आणि चीर भरते. कापण्याआधी बोटाने चाचपून घ्यायची रचना यांची सवय होती. आज बोट डावीकडे एका खाचेत गेलं. स्नायू आधीच कापलेला होता. जुना, नीट, सर्जनच्या हातचा छेद.

"अण्णा, इथलं ऑपरेशन कधी झालं?"

"कुठलं?"

"हेच."

"न्हाय झालं. तुम्हीच पयल्या."

तोच स्नायू पुन्हा कापला तर मळ धरवत नाही. आण्णासाहेब रोज सकाळी गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मूर्तीला अभिषेक करत. नेसलेलं सोवळं डागलं तर मूर्तीजवळ जाता येणार नव्हतं. होकार देण्याआधी, नंतर मळ धरवेल ना, एवढंच त्यांनी विचारून घेतलं होतं.

हातमोजे काढून रचना बाहेर आल्या. आण्णासाहेबांची बायको ब्राह्मी बाकावर बसली होती.

"आक्का, यांचं आधी कधी हे ऑपरेशन झालंय?"

"ह्यांचं न्हाय, मॅडम. थोरल्यांचं झालतं, नागेंद्रअण्णांचं. मिरजेला." ती हसली. "जुळे ना दोघं, दुखणीबी वाटून घेतलेली. पण ते गेले. एकोणीस सालच्या पुरात मोटर काढायला दोघं नदीवर गेलते. हे एकटेच आले."

"नागेंद्र सापडले?"

"सापडले की, लई खाली. तोंड वळखू येत नव्हतं. शर्टावरनं ह्यांनीच वळखलं."

रचना यांनी मागे वळून ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ब्राह्मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने बाकाची कड धरली.

"आत काय दिसलं, मॅडम?"

"दिसलं नाही. बोटाला लागलं. जुना छेद आहे."

"बोट चुकतंय की कधी."

"चुकतं."

"मग कापा."

"आक्का, बोट बरोबर असेल तर त्यांना जन्मभर..."

"ह्यांचं झालेलंच न्हाय म्हणतोय की आम्ही. कापा."

आत येऊन रचना आण्णासाहेबांच्या उशाशी उभ्या राहिल्या. पुन्हा कापलं आणि मळ धरवेना झाला, तर बस्ती सुटेल, हे त्यांनी सरळ सांगितलं. "नीट आठवून बोला, अण्णा."

आण्णासाहेब वरच्या दिव्याकडे बघत होते. मॉनिटरवरचे ठोके वाढले.

"भाईर ती काय म्हणाली?"

"झालं नाही म्हणाल्या."

"मग न्हाय झालं."

रचना यांनी स्नायूला हात लावला नाही. "दुसऱ्या पद्धतीनं करते," एवढंच विचारल्यासारखं म्हणाल्या. आण्णासाहेबांनी मान डोलावली. रचना यांनी चिरेच्या बाजूची कातडी सरकवून तिच्यावर बसवली, टाके घातले. यात काम वाढतं, पण धरून ठेवायची ताकद जात नाही. शिवाय कोण खरं बोलतंय, हे ठरवावं लागत नाही.

पुढच्या महिन्यात दोघं निपाणीला रचना यांच्या दवाखान्यात तपासणीसाठी आली. चीर भरली होती, मळ व्यवस्थित धरवत होता, अभिषेक सुरू झाला होता. बाहेरच्या हॉलमध्ये आण्णासाहेब बाकावर बसले होते, शेजारची जागा रिकामी होती. ब्राह्मी दाराला टेकून उभी होती, डोक्यावरून पदर, नजर फरशीवर.

काउंटरवरची दिव्या हसून म्हणाली, "काय आक्का, थोरल्या दिरापुढं उभारल्यागत! बसा की शेजारी."

ब्राह्मीने पदर आणखी पुढे ओढला. आण्णासाहेब उठून बाहेर गेले, तेव्हा ती बसली.