चौथ्या गाण्यातला आवाज

मिनाको नावाच्या जपानी पोरीचा दुसरा अल्बम आहे, इलेक्ट्रोपॉप का काय म्हणतात तो. त्यातल्या चौथ्या गाण्यात मध्येच एक आलाप येतो. तो माझा आहे, चैत्राली साठेचा. आधीच सांगून ठेवते, कारण त्या अल्बमवर तसं कुठेही लिहिलेलं नाही.

अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, आमच्या खालच्या मजल्यावर केंजी राहायचा. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत तो मिनाकोचं रेकॉर्डिंग करत होता. कॉम्प्लेक्सच्या लाँड्रीत ड्रायरमधून कपडे काढताना मी यमन गुणगुणत होते, तो त्यानं ऐकला. सांगलीत बाईंच्या पुढ्यात बसून बारा वर्षं घोटलेला यमन, आणि इथे त्याला श्रोते कोण, तर नवऱ्याचे मोजे. त्यामुळे केंजीनं "आमच्यासाठी गाणार का?" विचारलं तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत.

माझा व्हिसा एच-फोर. म्हणजे नवऱ्यामागून आलेली बायको; तिनं नोकरी करायची नाही, कमवायचं नाही. मी केंजीला म्हटलं, मला पैसे नकोत, फक्त नाव छाप. त्यानं स्पेलिंग लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. अमेरिकेत पाच वर्षं मी नुसती 'केदार्स वाइफ' होते. त्या दिवशी मी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढले.

केदारनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? ग्रीन कार्डची फाइल अडकलीय, आणि तू काम केल्याचा छापील पुरावा देणार?"

"पैसे नाही घेतले रे."

"ते ऑफिसरला सांगत बस."

मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. निवळतोय कसला. त्यानं ऑफिसातून परस्पर केंजीला ईमेल करून माझं नाव कॅन्सल केलं. मला कळलं ते सीडी हातात आल्यावर. आतल्या पुस्तिकेत मिनाकोचे केस कापणाऱ्या बाईचंसुद्धा नाव होतं. चौथ्या गाण्यापुढे लिहिलं होतं, 'व्हॉइस: सॅम्पलर'. सॅम्पलर म्हणजे आवाज साठवून वाजवायचं मशीन. केंजीनं मान खाली घालून सॉरी म्हटलं. त्याला काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

२००७च्या दिवाळीला केदारच्या ऑफिसमधली मंडळी फराळाला आली. केदारनंच ती सीडी लावली. आपण जपानी काहीतरी ऐकतो म्हणून भाव खायचा होता ना. आलाप सुरू झाला तसा अमित म्हणाला, "ही बाई कोण रे? कसली गातेय."

केदारनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बाई कुठली यार, मशीन आहे. हे बघ, लिहिलंय."

माझं डोकं सणकलं. चकल्यांचं ताट टेबलावर आदळलं, गाणं मागे घेतलं, आणि आलाप आला तशी त्याच्याबरोबर गायले. सूर न् सूर तोच, श्वाससुद्धा तिथेच घेतला. सगळे गप्प झाले. आता कळलं यांना, असं मला वाटलं. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

अमित उठून उभा राहिला. "मानलं वहिनी. मशीनची काय डिट्टो नक्कल केलीत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी केदारची होती.