तेवीस नंबरचं रक्त

सोमवारी दुपारी दीपाच्या मोबाइलवर रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्या घडीपासून तिच्या जिवाचं जे झालं, ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. त्यात एक्केचाळीस नंबर होते, नावं नव्हती. नावं होती दीपाच्या वहीत. कोणता नंबर कुणाचा, हे तिनंच आपल्या हातानं लिहून ठेवलं होतं. तेवीस नंबरपुढं आकडा होता नऊशे चाळीस. चांगल्या माणसाचा पाच हजाराच्या वर पाहिजे. जितका खाली, तितकं फवारणीचं औषध अंगात भिनलेलं. आणि तेवीस नंबर म्हणजे उकंडामामा.

मामा काही सख्खा नव्हे, शेजारचा. पण दीपाची आई कापूस वेचायला गेली की दीपाचं जेवण उकंडाच्याच घरी व्हायचं, आणि ती एम.ए. झाली तेव्हा वस्तीभर पेढे वाटत हाच फिरला होता. यवतमाळ जिल्ह्यात मुकुटबनच्या अलीकडचं त्यांचं गाव. त्या साली, म्हणजे सतरा साली, कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी काही केल्या मरत नव्हती. मग काय, दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच पंपात कालवायची आणि मारायची. पंप कुणाच्या पाठीवर? उकंडासारख्या मजुरांच्या. वावराचा मालक लांब धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वारा पाठीशी घेऊन उभा.

या फवारणीवर विद्यापीठाच्या शाश्वत शेती केंद्रानं दोन वर्षांपासून संशोधन काढलं होतं. चार विभागांचं मिळून. पाणी रसायनवाल्यांनी तपासायचं, माती कृषीवाल्यांनी, रक्त वैद्यकीयवाल्यांनी, आणि लोकांना प्रश्न विचारायचे समाजशास्त्रवाल्यांनी. दीपा यातल्या शेवटच्या खात्यात. गावची पोरगी, लोक तिच्या शब्दावर हात पुढं करतात, म्हणून तिला घेतलेलं. खरंच केला लोकांनी हात पुढं. सुईला भिणारे बाप्येसुद्धा ‘दीपा आहे ना’ म्हणून रांगेत बसले होते. हे काम नीट पार पडलं की पीएच.डी.ला तिचं नाव लावू, असं केंद्राच्या प्रमुख उर्वशी मॅडमनी सांगितलं होतं. वस्तीतून आजवर कुणी तिथवर पोचलं नव्हतं.

मॅडम वाईट बाई नव्हत्या, हेही सांगून टाकतो. गावात आल्या की जमिनीवर मांडी घालून बसायच्या, उकंडाच्या बायकोच्या, तुळसामामीच्या हातची भाकर मागून घ्यायच्या. उगाच कुणाला राक्षस करायचं कारण नाही.

मंगळवारी सकाळी मॅडमचा वर्ग होता. चारही विभागांची साठ मुलं. मॅडमनी पडद्यावर तो रिपोर्टच लावला. “बघा, गावाच्या विहिरीचं पाणी, पानावरचं औषध आणि माणसाचं रक्त, तिन्ही एकत्र ठेवल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. हा तेवीस नंबर बघा.” मुलांनी वहीत उतरवून घेतलं. एका मुलीनं विचारलंसुद्धा, “मॅडम, हा माणूस अजून फवारतोय?” मॅडम म्हणाल्या, प्रश्न फार चांगला आहे. दीपा मागच्या बाकावर बसली होती, नावांची वही मांडीवर घेऊन.

वर्ग सुटल्यावर तिनं मॅडमना गाठलं. “मॅडम, गावात सांगू का? अकरा जणांचे आकडे वाईट आहेत.”

“अगं, आपण कसं सांगणार? आपण डॉक्टर नाही. वैद्यकीयवाल्यांनी सांगायला हवं.”

वैद्यकीयवाल्या सरांना तिनं फोन लावला. ते म्हणाले, गावाशी संपर्क तुमच्या विभागाचा. शिवाय आकडे एकदा पडताळून घ्यावे लागतील, गुरुवारी समितीची बैठक आहे. रसायनवाले म्हणाले, आमचं काम पाण्यापुरतं. झालं! चार विभाग एकत्र आले होते खरे, पण जबाबदारी त्यांनी अशी वाटून घेतली की कुणाच्याच पदरात पडली नाही. शेवटी मॅडम जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, “दीपा, पंधरा दिवसांनी रक्ताची दुसरी फेरी आहे. आत्ता सांगितलंस तर लोक फवारणी सोडतील आणि दोन वर्षांचं काम वाया जाईल. नियम मोडलास तर तुझ्या नावाची शिफारस मी कशी करू, तूच सांग.”

दीपा वही पिशवीत टाकून बाहेर पडली. बोलायला हवं होतं.

बुधवारी सकाळी ती पुढचे फॉर्म भरायला गावात आली. पहिलं घर उकंडाचंच. तो ओट्यावर बसून पंपाची नळी साफ करत होता. डोळे लाल, आणि सारखं नाक पुसत होता.

“आली काय वं बाई! बैस. कालपासून धूसरच दिसून राह्यलं मले.”

“मामा, मग आज कायले जाता?”

“बबनरावाचं वावर राह्यलं ना. तीन तास राह्यले फक्त, दुपारलोक होते.” मग त्यानं मान वर केली आणि सरळ विचारलं, “माह्या रक्ताचं काय आलं वं?”

एवढं सरळ कुणी विचारू नये माणसाला. दीपाच्या हातात फॉर्म होता, फॉर्मखाली वही, आणि वहीत तेवीस नंबर. आज सांगितलं तर उद्या मॅडमना कळणार, आणि गुरुवारी तर समिती बसणारच आहे. एका दिवसानं काय होतंय? असं तिनं मनाशी म्हटलं. पुढं कितीदा तरी तिला तो हिशेब आठवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

“रिपोर्ट अजून यायचा हाये, मामा,” ती म्हणाली.

“बरं बरं,” उकंडा म्हणाला आणि पंप पाठीवर घेऊन निघाला.

दुपारी दोनला तो वावरातच पडला. तोंडाला फेस, अंग घामानं निथळत होतं. यवतमाळला नेलं, डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही, पण शुक्रवारी सकाळी माणूस गेला. शनिवारी माती झाली. भंतेजींनी त्रिशरण पंचशील म्हटलं, वस्ती रडली. मॅडमचा फोन आला: फार वाईट झालं, पण आता तू अजिबात बोलू नकोस, चौकशी होईल. समितीची बैठक पुढं ढकलली होती.

रविवारी सकाळी दीपा तुळसामामीजवळ जाऊन बसली. मामी भिंतीला टेकून होती. दीपाला वाटलं, आता नाही बोललो तर आपण जिवंत असून उपयोग नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. रिपोर्ट, सोमवार, साठ पोरं, बुधवारचा खोटेपणा. काही वगळलं नाही.

मामीनं ओरडावं, अंगावर धावून यावं, असं तिला वाटत होतं. मामीनं नुसता कपाळावरचा पदर मागं सारला.

“त्या दिसी मी त्यायले म्हटलं होतं,” मग ती म्हणाली, “डोये एवढे लाल झाले, आज नोका जाऊ. त मलेच हासले. म्हणे, आपल्या दीपानं रक्त नेलं हाये. काही वाईट असतं त पोरगी धावत आली असती. नाई आली, म्हंजे आपण चांगले आहो.”

दीपाला हुंदका फुटला. मामीनं तिला जवळ घेतलं नाही.

“अकरा म्हणतेस ना? मंग दहा राह्यले. माह्यापाशी बसून रडून काय करतेस? ऊठ.”

दीपा उठली. पहिलं घर श्रावणचं. दाराला कडी होती. शेजारची रामीबाई म्हणाली, तो सकायीच पंप घेऊन गेला, नाल्यापलीकडं. उकंडाच्या मातीला श्रावणनं खांदा दिला होता, आणि तरी गेला होता. अळी थोडीच थांबते, आणि त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

दीपा धावतच सुटली. नाला ओलांडला, चप्पल चिखलात राहिली. कपाशीच्या वर फक्त श्रावणचं रुमाल बांधलेलं डोकं दिसत होतं आणि पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणीच्या पंपाचा भर्र आवाज सगळ्या वावरात भरला होता. तिनं हाका मारल्या, त्याला ऐकू जाईना. शेवटी ती सरळ ओळीत घुसली, फवाऱ्याखालून गेली आणि त्याच्या पाठीवरच्या पंपाचं बटण बंद केलं.

“काय वं हे! मराचं हाये का तुले?” श्रावण खेकसला. “काहून बंद केलं?”

तिला धाप लागली होती. तोंडावर पडलेलं औषध तिनं बाहीनं पुसलं.

“तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आला, भाऊ,” ती म्हणाली. “मागच्या सोमवारीच आलता.”