साठ उड्या आणि एक अस्वल

संगणकावरच्या त्या खेळात माणसाला हवे तितक्या वेळा मरता येत असे. मेलेला माणूस अर्ध्या मिनिटात मागच्या शेकोटीपाशी उठून बसे आणि पुन्हा चालू लागे. प्राण्याला मात्र एकदाच मरता येई. खेळ रचणाऱ्यांनी हा नियम का केला ते कधी सांगितले नाही. पण त्याचा परिणाम स्पष्ट दिसत होता. खेळाडू स्वतःच्या जिवाबद्दल बेफिकीर आणि प्राण्यांच्या बाबतीत कमालीचे अंधश्रद्ध झाले होते.

रॅग्ना हॉगलंडला अंधश्रद्धेचे वावडे होते. डलूथ शहराच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत तिची चौदा वर्षे गेली होती. नळाच्या पाण्याला 'कसलासा वास' येतो म्हणणाऱ्यांना आकडे दाखवून शांत करणे हा तिच्या कामाचा भाग होता, आणि खेळातही ती तेच करी. लढाईआधी सफरचंद खाल्लेला प्राणी कमी जखमी होतो, ही समजूत तिने दोनशे लढायांत तपासून निकालात काढली होती. स्वतःच्या कोल्ह्याचे नाव तिने सॅम्पल ठेवले होते. तो कोल्हा म्हणजे सात आकडे आहेत, त्यांना वरून एक शेपूट काढलेली आहे, असे ती कोणी विचारले तर सांगत असे.

तिच्या वडिलांच्या अस्वलाबद्दल मात्र तिने असे विधान कधी केले नव्हते.

ऑरिन हॉगलंड अडुसष्ट वर्षांचा होता. खनिज वाहणाऱ्या रेल्वेची इंजिने दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. निवृत्तीनंतर तीन वर्षे खपून त्याने डीकन नावाचे अस्वल शिकवून तयार केले, आणि शिक्षण पुरे झाल्यावर दीड महिन्याने त्याला पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून त्याचा उजवा हात मांडीवर ठेवावा लागे. ठेवला तेथेच तो राही. शिकलेले अस्वल चालवायला एक हात पुरतो. 'ये', 'थांब', 'धर', 'घरी' एवढ्या चार आज्ञा. पुढचे अस्वलाला कळते. पण नवा प्राणी शिकवायचा तर तो धड्याच्या वेळी अंगावर धावून येतो, आणि डाव्या हाताने आज्ञा देत असतानाच उजव्या हाताने ढाल पुढे करावी लागते. त्यासाठी सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो. रॅग्नाने मोजले होते: ऑरिनला एका हाताने दोन्ही करायला, अगदी चांगल्या दिवशी, जवळजवळ दोन सेकंद लागत.

थोडक्यात, डीकनच्या जागी दुसरा डीकन येणार नव्हता. ऑरिन एकदाच म्हणाला होता, "हा गेला की मी तुमच्या मागून फिरणारा पाहुणा. पाहुणा म्हणून मी येणार नाही." त्याने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि काढण्याची गरजही नव्हती. रविवारची दुपार सोडली तर आठवडाभरात तो मुलीशी आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईशी बोले, आणखी कोणाशी नाही.

त्या रविवारी ते खेळातल्या मिठाच्या खाणीत तिसऱ्यांदा उतरले. बाप-लेक एकाच टेबलाशी, दोन पडद्यांसमोर बसले होते. कानातल्या यंत्रातून उरलेले दोघे बोलत होते: कॅनडातल्या सस्काटूनची टपालवाली डेल्फिन ओकिमॉ आणि नेब्रास्कातला वेंडेल ट्रिप, जो पूर्वी शाळेची बस चालवत असे. डेल्फिन धनुष्य वापरी. वेंडेलने तीन कुत्री गमावल्यावर प्राणी पाळणे सोडले होते.

"कडा आला," डेल्फिन म्हणाली. "जनावरं घरी पाठवा."

ही तिथली रीत होती. कड्यापाशी सर्वांनी थांबायचे, प्राण्यांना 'घरी' म्हणजे तबेल्यात पाठवायचे, उडी मारायची आणि खाली पोचल्यावर त्यांना पुन्हा बोलावून घ्यायचे. कारण, असे सगळे म्हणत, प्राणी कड्यावरून उडी मारत नाहीत. ते वळसा घालून येतात, आणि वळशात जे जे झोपलेले असते ते जागे करून मागे घेऊन येतात. मात्र तबेल्यातून बोलावण्यासाठी अकरा कळा क्रमाने दाबाव्या लागत. ऑरिनला त्याला दोन मिनिटे लागत, आणि खाली दर दीड मिनिटाला पहारा फिरे. गेले दोन रविवार ते चौघे तेथेच, अस्वलाची वाट पाहत, मारले गेले होते.

"घरी पाठवायची गरज नाही," रॅग्ना म्हणाली. "प्राणी उडी मारतात. मी मोजलंय."

"काय गं प्रयोगशाळा," वेंडेल म्हणाला. "सफरचंद काढून घेतलंस, आता कडाही काढून घेणार?"

"साठ उड्या. निरनिराळे कडे, निरनिराळी उंची. साठही वेळा सॅम्पल माझ्या पाठोपाठ खाली आला."

"माझा दुसरा कुत्रा कड्यापाशीच गेला."

"त्याला तू वरती 'थांब' म्हणून ठेवलं होतंस. तूच सांगितलंस तसं."

वेंडेल म्हणाला, "हो. सांगितलं होतं."

"मग तो पुरावा धरता येत नाही."

"टपाल वाटणाऱ्या बाईचं ऐकणार असाल तर," डेल्फिन म्हणाली, "ज्या फाटकावर कुत्र्यापासून सावध राहा लिहिलंय, तिथं मी कुत्रा मोजायला आत जात नाही."

ऑरिनने डाव्या हाताने चष्मा वर सारला. "रॅग्नानं मोजलंय म्हणजे मोजलंय," तो म्हणाला. "मारतो उडी."

चौघांनी उड्या मारल्या. कोल्हा रॅग्नाच्या मागोमाग कड्यावरून सुटला आणि तिच्या पायांशी येऊन उभा राहिला. अस्वल कड्याच्या टोकाशी आले. त्याने मान खाली घातली, आणि ते वळून निघून गेले.

नकाशावर तपकिरी ठिपका मागे सरकू लागला.

"कुठं चाललाय हा?" ऑरिनने विचारले.

रॅग्नाला उत्तर कळायला जितका वेळ लागला त्यापेक्षा ते उच्चारायला अधिक लागला. तिने साठ उड्या तपासल्या होत्या, पण कोल्हा एकच होता. हलका प्राणी उडी मारतो, जड प्राणी वाट शोधतो, अशी तरतूद खेळात असू शकते, ही शंका तिला यायला हवी होती. एकाच नळाचे पाणी साठ बाटल्यांत भरून आणून ते शहराचे पाणी म्हणून दाखवणाऱ्या माणसाला तिने प्रयोगशाळेतून परत पाठवले असते.

"जिन्यानं येतोय," ती म्हणाली. "वळसा घालून."

"जिन्यावर मिठाची माणसं झोपलीत," डेल्फिन म्हणाली.

"किती?"

"बावीस."

ठिपका जिन्याच्या तोंडाशी पोचला. त्याच्यामागे एक लाल ठिपका उमटला, मग दोन, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. 'ये' ही आज्ञा पाळणारे अस्वल वाटेत लढत नाही, ते फक्त येते. आणि येत असताना मार खाते.

"थांबवू का त्याला?" ऑरिनचा आवाज नेहमीसारखाच होता.

"थांबला तर तिथंच फाडतील."

"'धर' म्हणू?"

"डॅड, बावीस आहेत."

"मग घरी."

'घरी'साठी प्राणी खेळाडूपासून चाळीस पावलांच्या आत लागतो. तीन कळा एकदम दाबून सहा सेकंद धरून ठेवायच्या; एक जरी सुटली तरी सहा सेकंद पुन्हा पहिल्यापासून. दोन हातांच्या माणसाला यात काही विशेष नाही. ऑरिनने अंगठा, मधले बोट आणि करंगळी कळांवर टेकवून पाहिली. करंगळी टोकाच्या कळेवर जेमतेम पोचत होती.

रॅग्नाचा हात त्याच्या कळांकडे गेला.

"हात काढ," ऑरिन म्हणाला.

"मी दाबते. माझी बोटं—"

"तू तुझं बघ. मी माझं बघतो."

तिने हात मागे घेतला आणि आकड्यांकडे पाहिले. डीकनमध्ये एक्केचाळीस टक्के जीव होता. पळत असताना सेकंदाला दोन टक्के जात होते. चाळीस पावलांच्या टप्प्यात यायला अजून बारा सेकंद. तेव्हा सतरा उरतील. जिन्याच्या शेवटच्या वळणावर वाट अरुंद होते, तेथे अस्वल मंदावेल आणि सेकंदाला चार जातील. सहा सेकंदांना चोवीस हवे होते. सात टक्के कमी पडत होते. म्हणजे दोन सेकंदांहून थोडे कमी.

"बाण मारू?" डेल्फिनने विचारले.

"मार. एकेकच वळेल, पण मार."

"मी पुढं जातो," वेंडेल म्हणाला. "माझं काय, मी शेकोटीवर जागा राखून ठेवलीय." तो जिन्याकडे धावला. पण त्याचे चिलखत जड होते आणि तो वेळेवर पोचणार नव्हता, हे त्यालाही दिसत असावे.

कोल्ह्याला एकच धडा चांगला येत असे: हुलकावणी. तो शत्रूंच्या मधून पळे, ते सारे त्याच्या मागे लागत, आणि तीन सेकंदांनी त्याला परत बोलावता येई. हा धडा दोन-तीन शत्रूंसाठी होता. बावीस जणांनी अरुंद जिना भरला असताना आत गेलेल्या कोल्ह्याला परत यायला वाट नव्हती. सॅम्पलला शिकवायला तिला चौदा महिने लागले होते.

ती थांबली. किती वेळ, हे तिला नंतर सांगता आले नाही, आणि सांगता न येणारी मोजमापे तिला आवडत नसत.

"चाळीस," डेल्फिन म्हणाली. "चाळीसच्या आत आला."

ऑरिनने तीन कळा दाबल्या. रॅग्नाने कोल्हा सोडला.

कोल्हा अस्वलाच्या पोटाखालून वर निसटला आणि पांढऱ्या अंगांच्या गर्दीत शिरला. गर्दी वळली. सगळी नाही, तीन-चार जण डीकनला चिकटूनच राहिले. सतरा. पंधरा. ऑरिनच्या पडद्यावरची सहा सेकंदांची बारीक पट्टी भरू लागली.

"बोट सुटलं," ऑरिन म्हणाला.

पट्टी रिकामी झाली.

तिला एक हात मोकळा करून वडिलांच्या करंगळीवर ठेवणे शक्य होते. पण मग कोल्ह्याला वळवायला हात उरला नसता, आणि कोल्हा उभा राहिला असता. तिने वडिलांकडे पाहिले नाही.

"पुन्हा धर," ती म्हणाली.

"धरतोय."

ती कोल्ह्याला 'ये' म्हणे आणि तो दोन पावले परतला की 'धर' म्हणे. त्यामुळे तो भिंतीच्या कडेने मागे-पुढे होत राहिला आणि घाव निम्म्याने चुकत राहिले. ही युक्ती तिला आजपर्यंत कोणी सांगितली नव्हती आणि तिनेही कधी तपासली नव्हती. डीकन बारावर आला. शेजारून वडिलांचा श्वास नाकातून, मोजून घेतल्यासारखा येत होता. नऊ. वेंडेल जिन्याच्या तळाशी पोचला आणि लगेच मेला. "पोचलो होतो हं," तो म्हणाला. सात. कोल्ह्यात आता नावापुरता जीव होता. पाच.

कोल्हा पडला. गर्दी पुन्हा वळली.

तीनवर डीकन नाहीसा झाला.

तो मेला की घरी गेला हे पडद्यावरून एकदम कळत नाही. दोन्ही वेळा जागा रिकामीच दिसते. ऑरिनने बोटे उचलली नाहीत. करंगळी पांढरी पडली होती. मिठाच्या माणसांनी एव्हाना डेल्फिनला मारले, मग ऑरिनला, मग रॅग्नाला, आणि तिघांपैकी कोणीही त्याची दखल घेतली नाही. शेकोटीपाशी उठल्यावर रॅग्नाने पहिल्यांदा वडिलांच्या तबेल्याची यादी उघडली.

"आहे," ती म्हणाली. "तीन टक्के. डॅड, बोटं काढ आता. आहे तो."

ऑरिनने हात काढून मांडीवर, दुसऱ्या हाताशेजारी ठेवला. स्वयंपाकघरातून ओव्हनमध्ये ठेवलेले बटाटे करपल्याचा वास येऊ लागला होता.

"चूक माझी," रॅग्ना म्हणाली. "साठ वेळा मोजलं, पण कोल्हा एकच. जड जनावर कधी तपासलंच नाही. मी तुम्हाला खात्रीनं सांगायला नको होतं."

"अर्धी तुझी," वेंडेल म्हणाला. त्याने घसा साफ केला. "दुसऱ्या कुत्र्याला मी 'थांब' म्हटलं नव्हतं. मोठ्या मास्टिफ जातीचा होता. मी कंटाळा केला, घरी न पाठवता उडी मारली, आणि तो वळसा घालून आला. नवशिकी पोरं करतात ती चूक. सहा वर्षं खेळून मी ती केली, हे सांगायची लाज वाटली, म्हणून 'थांब' म्हटलं होतं असं सांगत आलो."

"सगळ्यांना?" डेल्फिनने विचारले.

"सगळ्यांना."

"कमाल आहे तुझी, वेंडेल. ही बाई दोनशे लढाया मोजत बसते, आणि तू तिला थापा पुरवतोस."

रॅग्नाला राग यायला हवा होता, पण आला नाही. मास्टिफ जड असतो. ती नोंद खरी मिळाली असती तर तिने उडी मारू दिली नसती. किंवा कदाचित, साठ उड्यांच्या भरवशावर, तीही बाजूला सारली असती. यातले कोणते खरे, हे आता ठरवता येण्यासारखे नव्हते.

तिच्या पडद्यावर एक चौकट आली होती: सॅम्पलचे नाव यादीतून काढायचे का. काढल्याखेरीज दुसरा प्राणी ठेवता येत नाही. तिचे बोट कळेवर होते आणि ते खाली जात नव्हते.

ऑरिनने खुर्ची तिच्याकडे थोडी वळवली. त्याने चौकट वाचली.

"मंगळवारी तू किती वाजता सुटतेस?"

"चारला."

"उत्तरेच्या ओढ्यावर पिल्लं असतात. कोल्हा नको घेऊस, लिंक्स जातीचा रानबोका घे. धडा सुरू झाला की तो सरळ छातीवर येतो. आज्ञा तू दे, ढाल कधी उचलायची ते मी सांगेन. मला उचलता येत नसली तरी कळतं कधी ते." त्याने तिच्या डोळ्यांकडे बोट केले. "आणि तो अंगावर आला की डोळे मिटू नकोस. मिटतेस तू."

"मी नाही मिटत."

"मिटतेस. मी शेजारीच बसतो."

"डॅड, तो पडदा आहे. पडद्यातून अंगावर काय येणार?"

"तेच तर, तरी मिटतेस," ऑरिन म्हणाला, आणि ओव्हन बंद करायला उठला.