आधी टेकू, मग माणूस

मी एक म्हातारी मोटार बोलतेय. जरा घाईत बोलते, राग मानू नका. माझ्या पोटाखाली माणूस आहे.

आबेल त्याचं नाव. वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या मागच्या चाकाजवळून उताणा सरकत आत गेलाय. बाहेर दिसतात त्या फक्त त्याच्या चौकड्याच्या सपाता. त्यानं मला पार टाचा उंचावून उभं केलं, इंजिन बंद केलं आणि पाना घेऊन खाली शिरला. माझ्याखाली टेकू नाही. साधी वीटसुद्धा नाही.

आणि मी खाली येतेय. केसाएवढी, मग पुन्हा केसाएवढी. मला ओरडता येत नाही. हॉर्न आहे, पण तो दाबायला माणूस लागतो. म्हणून तुमच्याशी बोलत सुटलेय. घाबरले की मला दुसरं काही सुचतच नाही.

मी अशी का आहे, ते आधी सांगते. १९६९ साली पॅरिसमध्ये, नदीकाठच्या कारखान्यात माझा जन्म झाला. इतर गाड्यांना पोलादी स्प्रिंगा असतात, मला नाहीत. माझ्या प्रत्येक चाकावर नारळाएवढा लोखंडी गोळा आहे. त्यात वायू कोंडलेला आणि त्या वायूला रेटून धरणारं हिरवं तेल. इंजिन सुरू झालं की पंप तेल ढकलतो आणि मी उठते; गाय उठते तशी, आधी मागून, मग पुढून. इंजिन बंद केलं की तेल हळूहळू परत फिरतं आणि मी जमिनीला पोट टेकून बसते. तरुणपणी तासन् तास उभी राहायचे. आता पाव तास उभी राहिले तरी खूप झालं.

त्याच तेलावर माझे ब्रेक, त्याच तेलावर माझं स्टिअरिंग. मला घडवणारे इंजिनिअर अचाट डोक्याचे होते, यात वाद नाही. पण एका डब्यातल्या तेलावर सगळा जीव टांगायचा होता, तर त्यांनी मला थोडं धैर्यही द्यायचं. ते राहून गेलं. मी पहिल्या दिवसापासून भित्री.

कारखान्यातून मी थेट इकडे आले, दक्षिणेतल्या या चेस्टनटच्या डोंगरात. आबेलची बायको लेओंतीन इथली सुईण होती. तिला माझ्यासारखीच गाडी हवी होती, कारण इथले रस्ते म्हणजे नुसते दगड. कळा देणारी बाई मागच्या सीटवर असली तरी तिला धक्का जाणवायचा नाही, इतकी मी अलगद चालायचे. माझे आतले दोन दिवे स्टिअरिंगबरोबर वळतात; वळणापलीकडची दरी मला माणसांच्या आधी दिसायची. भीती वाटायची, पण लेओंतीनचा पाय ब्रेकवर असायचा, म्हणून धीर धरायचे.

मळ्यांमधले म्हातारे मला बेडकी म्हणायचे. लेओंतीन दारात आली की म्हणायचे, "सुईणबाई, दमानं! आधी बेडकीला उठू द्या, मग पोराला येऊ द्या." ती उलट ओरडायची, "बेडकी उठते तरी! तुमचा जावई अजून अंथरुणात आहे, त्याला कोण उठवणार?"

तिची स्वतःची मुलगी एलेन माझ्याच मागच्या सीटवर जन्मली, चौथ्या वळणावर. आबेल गाडी चालवत होता आणि रडत होता. लेओंतीन मागून त्याला म्हणाली होती, "अरे आबेल, तू रडू नकोस, तू रस्त्याकडे बघ. बाळंत मी होतेय."

सांगायची गोष्ट वेगळीच होती. टेकूची.

चाक बदलायला मला जॅक लागत नाही. मला पूर्ण उंच करायचं, कुशीला असलेल्या खाचेत लोखंडी टेकू लावायचा आणि उंची कमी-जास्त करायचा दांडा खाली ओढायचा. मग मी बसायला बघते, पण टेकू बसू देत नाही, आणि त्या बाजूची चाकंच आपोआप वर उचलली जातात. आलेस गावच्या बाजारात आबेल हा खेळ मुद्दाम करून दाखवायचा. चाक पंक्चर नसलं तरी. "जॅक?" तो छाती काढून म्हणायचा. "जॅक तुमच्या खटाऱ्यांना. आमची आपला पाय आपण उचलते." लोक हसायचे, "कुत्रंपण उचलतं की रे, आबेल!" मला लाजही वाटायची आणि बरंही वाटायचं.

पण माझ्याखाली कुणी हात घालायला निघालं की लेओंतीनचा आवाज चढायचा. "आधी टेकू, मग माणूस. उभी आहे म्हणून भरवसा ठेवू नका. ही श्वास सोडते आणि बसते, तिला कळतसुद्धा नाही."

एवढंच तिचं चुकलं. मला कळतं. आताही कळतंय. मघाशी आबेलच्या छातीवर हातभर मोकळी जागा होती, आता वीतभर आहे.

मग टेकू कुठे गेला, विचाराल. तो समोर दिसतोय. मी उभी आहे त्या खोपटाच्या दारातून अंगणातलं पेअरचं झाड दिसतं, लेओंतीननं लावलेलं. चार वर्षांपूर्वीच्या शरदात त्याची एक फांदी फळांच्या भारानं चिरली. लेओंतीन तेव्हा आजारी होती. काठी टेकत आली, माझ्या डिकीतून टेकू काढला आणि फांदीखाली लावला. "दोन आठवडे, बेडके," म्हणाली. "पेअर उतरवले की परत आणते." ती दहाव्या दिवशी गेली.

आबेलनं तो टेकू हलवला नाही. जन्मभर चेस्टनटचे खांब तासून विकणारा माणूस. दहा मिनिटांत त्या फांदीला दुसरा खांब देऊ शकला असता. पण दर हंगामात पेअर उतरवले, टेकूभोवतीचं गवत काढलं आणि टेकूला हात लावला नाही.

आज सकाळी फोन आला. एलेनची मुलगी मागाली खालच्या गल्लीत राहते. तिला कळा सुरू झाल्या, दहा दिवस आधी. तिचा हट्ट एकच, दवाखान्यात बेडकीतूनच जायचं. नवरा कामावरून थेट तिकडे येणार होता. आबेलनं मला सुरू केलं, तर खाली हिरवा ठिपका दिसला. नळीचा सांधा गळत होता. तेल गळलं तर वाटेत ब्रेक जातील, एवढं त्याला ठाऊक आहे. "दोन मिनिटांचं काम," असं पुटपुटत तो आत शिरला.

आता पाना सांध्यावर आहे. आबेल, उताणं झोपल्यावर उजवं-डावं उलटतं! उलटा फिरवलास तर मी क्षणात बसेन. बाराशे किलो आहे रे मी.

पाना फिरला. तेल भळकन आलं, मी चार बोटं खाली आले आणि कुठेतरी थांबले. त्याच्या कोटाचं बटण माझ्या पत्र्याला लागलं. त्याचा श्वास मला पत्र्यावर जाणवला. पाना खाली पडला.

"बेडके," तो हळूच म्हणाला. "थांब हं. थांब."

थांबणं माझ्या हातात असतं, तर मी बोलत कशाला बसले असते?

तेवढ्यात मागाली आली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पिशवी. "आजोबा, झालं का? आता दर सहा मिनिटांनी..." आणि तिला कळ आली. ती वाकली आणि आधारासाठी हात पसरून माझ्या डिकीवर रेलू लागली. नको गं बाई! सगळ्या जगात माझाच आधार घेऊ नकोस!

हात टेकायच्या आत तिला सपाता दिसल्या. मग दिसली सपातांच्या वरची जागा, किती उरली होती ती.

"आजोबा! टेकू कुठंय?"

"अडकलोय गं," आतून आवाज आला. "पाठ धरली. हलता येईना."

ती आजीचीच नात. रडली नाही, आत बसलीही नाही. बसली असती तर तिच्या भारानंच सगळं संपलं असतं. खिडकीतून हात घातला आणि गिअरचा दांडा ढकलला; माझं इंजिन त्यानंच सुरू होतं. बॅटरी कण्हली. पुन्हा ढकलला. मी आयुष्यात इतका जोर कधी लावला नव्हता. तिसऱ्या खेपेला इंजिन धरलं, पंप खडखडला आणि मी उठले. आधी मागून. बरं झालं मी गायीसारखी उठते! बटण पत्र्यापासून सुटलं.

"अगं तेल तोंडावर येतंय!"

"येऊ दे! श्वास घ्या!"

पण तेल पंप ढकलत होता तेवढंच बाहेर सांडत होतं. डब्यात उरलं होतं किती? मला तळ लागल्याचं जाणवत होतं. मागालीनं अंगणाकडे पाहिलं. टेकू. झाड.

"नको!" आबेल खालून ओरडला. त्याला सपातांच्या पलीकडे तिचे पाय वळलेले दिसले असावेत. "मागाली, झाडाचा काढू नकोस! तो तिनं लावलाय! तिनं लावलेलं मी कसं काढू?"

"मग तुम्हाला तिच्या शेजारी पुरू का?"

ती चालत गेली. पळणं तिला शक्यच नव्हतं. टेकूला लाथ मारली. एक नाही, तीन. फांदी कडाडली आणि सगळ्या पेअरसकट खाली आली. ती टेकू फरफटत आली, गुडघ्यावर बसली, खाच सापडेना, शिवी दिली, मग खाच सापडली. लोखंड माझ्या कुशीत बसलं. त्याच वेळी पंप कोरडा पडला.

मी बसायला गेले आणि बसू शकले नाही. तेवढं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कशानं दिलं नाही.

आबेल इंच इंच बाहेर आला, नखशिखांत हिरवा. मागाली जमिनीवरच बसली होती, तिच्याखाली पाणी सांडलं होतं. शेजारचा सिप्रियां आपली व्हॅन घेऊन धावत आला. आबेल तिला उठवत होता आणि वळून वळून त्या मोडलेल्या फांदीकडे बघत होता. रडत होता. मागाली दात आवळून म्हणाली, "आजोबा, रडू नका. चला."

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. हे मला आबेलनंच येऊन सांगितलं. सांगितलं, मग करवत घेतली, फांदीचा खुंट नीट कापला, आणि उरलेल्या झाडाला चेस्टनटचा एक सरळ खांब दिला. चार वर्षं लागली, पण दिला.

त्याला आठवडा झाला. आज त्यानं नवी नळी बसवली, तेल भरलं, मला उभं केलं, टेकू काढून भिंतीशी ठेवला. मग वाकून बघितलं. अजून एक थेंब. त्यानं पाना उचलला.

माझं काय झालं असेल, तुम्हीच समजा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण माझा ब्रह्मराक्षस मीच आहे. तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर एवढं ऐका. तिच्यावर माया करा, तिला पुसा, बाजारात मिरवा. ती कधी मुद्दाम बसणार नाही. पण ती बसते. तिच्या प्रेमाच्या भरवशावर तिच्याखाली जाऊ नका.

पत्रा ताठ करून मी कान देऊन राहिले. सपाता सरकल्याचा आवाज यायची वाट बघत होते.

आधी आला तो फरशीवरून लोखंड ओढल्याचा आवाज.