मारेनची फळी

मित्रांनो, माझ्या अंगाला ताज्या रंगाचा वास येतो आहे. मी एक जुनी हातगाडी आहे, आणि मी रागावले आहे.

माझे लाकूड नीट वाळलेही नव्हते, तेव्हाच सुतारांनी मला घाईने जोडले. बैल घेण्याची ऐपत नसलेली माणसे देवाचे नाव घेत मला स्वतः ओढत आपल्या पंथाच्या नव्या वसाहतीकडे, दूर युटाला निघाली. वाटेत माळावर बर्फाने गाठले. तिथे त्यांच्यातली लहानगी मारेन थंडीने गेली. जमीन गोठलेली, खड्डा खणता येईना, थडग्यावर ठेवायला दगडही मिळेना. तिच्या आईने सुरीने माझ्या बाजूच्या फळीवर तिचे नाव कोरले. बोटे बधिर झाली होती, म्हणून अक्षरे वेडीवाकडी आली. मारेनची खूण जगात तेवढीच.

मी आता उभी आहे त्या टेकडीवरून त्या लोकांनी पहिल्यांदा आपले खोरे पाहिले. म्हणून पुढे मला इथे आणून ठेवले. भाषणे झाली, कौतुक झाले, मग सगळे विसरले. पायथ्याशी राहणारी म्हातारी सिग्ने मॅडसन तेवढी येत राहिली. मारेन तिच्या पणजीची बहीण. सिग्ने त्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि खाली उतरायची.

सोमवारी त्याच पंथाच्या तरुण धर्मप्रसारकांची सुटी असते. मिसरूडही धड न फुटलेली पोरे, पण एकमेकांना 'एल्डर' म्हणजे वडीलधारे म्हणतात, आणि बायकांना 'सिस्टर' म्हणजे बहीण! या सोमवारी ती गाणी म्हणत वर आली. बरोबर लाल रंगाने भरलेला डबा आणि पॉलिश पेपर.

"काय दशा झालीय बिचारीची!" एल्डर प्रुइट म्हणाला. "आज हिची सेवा करायची."

"कुणाला विचारायला नको?" एल्डर फोनोटीने विचारले.

"विचारू या की. बसा गुडघ्यांवर."

त्यांनी देवाला विचारले. प्रुइटला छातीत ऊब वाटली. अशी ऊब म्हणजे देवाचा होकार, असे त्यांच्यात मानतात.

"ऊब चढणीचीही असेल," फोनोटी पुटपुटला. पण त्यानेही पेपर उचललाच.

"हे ओरखडे बघ. कुणातरी टवाळखोराचं काम," म्हणत प्रुइट नेमका त्याच फळीवर जोर लावून घासू लागला. मित्रांनो, मला तोंड असते तर सारे खोरे दणाणले असते!

दुपारी सिग्ने त्यांच्यासाठी पाव आणि चीज घातलेले बटाटे घेऊन वर आली. धर्मप्रसारकांना जेवू घालायची इथली रीतच आहे. फळी पाहून तिने टोपली खाली ठेवली.

"इथलं नाव कुठंय?"

"नाव?" प्रुइटचा चेहरा उतरला. "सिस्टर मॅडसन, आम्ही प्रार्थना करूनच..."

"देवाला विचारलंत, छान केलंत. पण वर येताना वाटेत माझं दार होतं ना रे?"

प्रुइट रडू लागला.

"रडतोस काय? चाकू काढ. माझा हात थरथरतो." तिने ओल्या रंगावर बोट टेकवले. तिला जागा डोळे मिटूनही ठाऊक होती. "इथून खाली. आता वर."

त्याने कोरले. फार जपून, एकेक अक्षर सरळ, सुबक.

म्हणूनच माझा राग जात नाही. नाव परत आले, पण त्या माउलीची गारठलेली बोटे पुसली गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवे रूप द्यायची हौस आली, तर हात आवरा. आधी टेकडी उतरा आणि खालचे दार वाजवा.