दोनशेत एक

“किरकिरणाऱ्या लिफ्टपैकी किती तुटतात, एवढंच सांगा मिस्त्री,” असं म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी पेन उघडून बसले. त्यांच्या इमारतीची लिफ्ट हल्ली किरकिरू लागली होती.

मिस्त्रींनी वही काढली. लिफ्टच्या दुरुस्तीत एकतीस वर्षं घालवलेला हा माणूस बायकोचा वाढदिवस नेमानं विसरे. पण कुठली लिफ्ट कधी किरकिरली आणि पुढे तिचं काय झालं, ही नोंद कधी चुकली नव्हती. दुसरा नेम असा, की विचारलं तेवढंच सांगायचं. आगाऊ बोलणाऱ्या मिस्त्रीला लोक दुसऱ्यांदा बोलावत नाहीत, हे शहाणपण त्यांना उमेदवारीतच आलं होतं.

किरकिरलेल्या सहाशे. त्यांतल्या दोर तुटलेल्या तीन.

“दोनशेत एक.”

सेक्रेटरींचा चेहरा खुलला. एवढ्या हिशेबानं तर माणूस न्हाणीघरातही घसरतो, असं म्हणत त्यांनी दोर बदलण्याचा विषय पुढल्या वर्षावर ढकलला आणि तसं लिहिलेल्या कागदावर मिस्त्रींची सही घेतली.

त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर मिस्त्रींची थोरली बहीण राहायची. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. लिफ्ट होती म्हणून ताई जगात होती. चहा ओतताना तिनं तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून विचारली.

“ज्या तुटल्या ना, त्यांतल्या किती आधी किरकिरत होत्या रे?”

मिस्त्रींचा कप वाटेतच थांबला. “तिन्ही.”

“आणि न किरकिरता तुटलेली?”

“एकही नाही.”

“मग खाली बोलला का नाहीस?”

“त्यांनी विचारलं नाही, ताई.”

वही तीच, आकडे तेच. खाली त्याच आकड्यांवर सेक्रेटरी निश्चिंत होऊन उठले होते. इथे चहावर साय धरत होती.

“आमची त्या दोनशेतली कितवी?” ताईनं हळूच विचारलं.

वहीत याचं उत्तर नव्हतं.

मिस्त्री पुन्हा खाली गेले. आयुष्यात पहिल्यांदाच न विचारलेलं सांगितलं. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं, मग कागद पुढे सरकवला. हे खोटं आहे का, एवढंच विचारलं. खोटं नव्हतं. सहीही त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मिस्त्रींनी तिची पिशवी खांद्याला अडकवली आणि ते जिन्याकडे वळले. तीही मागून निघाली, एका हातानं कठडा आणि दुसऱ्यानं भावाचा दंड धरून. चौथ्या मजल्यावर ती पायरीवर टेकली.

तेवढ्यात वरून किरकिर ऐकू आली. जाळीच्या दारापलीकडून लिफ्ट खाली सरकली. आत सेक्रेटरी घड्याळ बघत उभे होते. त्यांनी मान वर करून या दोघांना हसून हात केला आणि पायांपासून डोक्यापर्यंत ते फरशीखाली दिसेनासे झाले. ताईची बोटं दंडात रुतली.

तिसरा. दुसरा. पहिला.

तळाशी दार उघडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तिनं हात सैल केला.

“चल,” ती उठत म्हणाली. “चारच राहिले.”

खालून लिफ्ट पुन्हा वर निघाली होती.